माझगावच्या बागेतील वाफेचे यंत्र

लंडन येथील रॉयल सोसायटी ही विद्वत्सभा १६६० साली स्थापन झाली. न्यूटनसारख्या पुरुषाने जिचे अध्यक्षपद भूषविले, त्या सभेच्या सभासदांच्या पटावर पहिले हिंदी नाव कोणाचे असावे, असा प्रश्न आमच्या सुशिक्षित वाचकांस केला तर बहुतेकजण गणिती रामानुजन यांचे नाव सांगतील. रामानुजन यांची निवड १९१८ सालची. त्यापूर्वी ७७ वर्षे, म्हणजे २७ मे १८४१ रोजी, त्या पटावर मुंबईच्या एका पारशी गृहस्थाचे नाव चढलेले होते. हा गृहस्थ कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता; मुंबईचे विद्यापीठच मुळी १८५७ साली जन्मास आले. चौदाव्या वर्षी गोदीत कामास लागलेला, काजळी व तेल यांचा विटाळ न मानणारा असा तो कारागीर होता. त्याचे नाव अर्देशीर खरशेटजी वाडिया. ज्या विद्येने त्यास हा मान मिळवून दिला तिचा पाया सरकारी कारखान्यात पडला नाही. तो पडला त्याच्या स्वतःच्या घरी, एका अश्वशक्तीचे लहानसे वाफेचे इंजिन त्याने आपल्या हातांनी तयार केले त्या वेळी.

हे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो ते केवळ पूर्वजांची थोरवी गाण्यासाठी नव्हे. आमच्या व्यापारी व नोकरीपेशा कुटुंबांतून असा एखादा मुलगा असतोच की, ज्याचे चित्त वहीपेक्षा कानशीवर व हातोडीवर अधिक असते. परसात किंवा माडीवर पत्र्याचा डबा, तांब्याची नळी व पितळेचे तुकडे जुळवून वाफेवर फिरणारे इवलेसे चाक चालविण्याच्या खटपटीत तो असतो. त्यास घरची मंडळी काय म्हणतात हे सांगावयास नको. परीक्षा बुडवील, हात भाजून घेईल, पैसा धुळीस मिळवील, आणि इतके करून शेवटी हाती काय लागणार, तर एक खेळणे! या खटल्यात वडील मंडळी स्वतःच फिर्यादी व स्वतःच न्यायाधीश असतात, ही गोष्ट आम्ही तूर्त बाजूस ठेवतो. निकाल देण्यापूर्वी त्यांनी अर्देशीरजींची हकीकत मात्र ऐकून घ्यावी, एवढीच आमची विनंती.

वाडिया हे घराणे मूळचे सुरतेचे. जहाजे बांधणारा तो वाडिया, असा या आडनावाचा अर्थ आहे. लवजी नसरवानजी हे १७३६ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईस आले, आणि तेव्हापासून मुंबईची गोदी व हे घराणे यांची गाठ पिढ्यानुपिढ्या पडून गेली. १७५० साली येथे कोरडी गोदी तयार झाली. मलबारच्या सागवानाची, या मंडळींच्या देखरेखीखाली बांधलेली जहाजे इतकी पक्की असत की, इंग्रजांच्या शाही आरमारानेही आपली लढाऊ गलबते मुंबईस बांधवून घेतली. १८४२ साली चीनशी जो तह झाला त्यावर सह्या ज्या कॉर्नवॉलिस जहाजावर झाल्या ते १८१३ सालचे मुंबईचेच जहाज. १८१७ साली येथे पाण्यात लोटलेले त्रिंकोमाली हे जहाज तर इंग्लंडात हार्टलपूल येथे अजूनही तरंगत आहे. ज्यास शंका असेल त्याने जाऊन पाहावे. अशा घराण्यात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी अर्देशीरजींचा जन्म झाला, आणि १८२२ साली, कुलाच्या रिवाजाप्रमाणे, हा मुलगा गोदीत रुजू झाला. रंधा, वाकस व गिरमिट यांनी लाकडास आकार द्यावा, वडिलांनी हाताखाली घ्यावे, आणि यथाकाल वडिलांची जागा मुलाने चालवावी, हा मार्ग त्याच्यापुढे आखलेलाच होता. तो मार्ग त्याने धरला असता तर चार जहाजांच्या नावांबरोबर त्याचेही नाव गोदीच्या दप्तरात राहिले असते, इतकेच.

परंतु काळ बदलत होता. १८२९ साली मुंबईच्या गोदीत ह्यू लिंडसे नावाची आगबोट तयार झाली. ती बांधणारे याच घराण्यातील नवरोजी जमशेटजी. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझच्या वाटेस लागली, आणि तांबड्या समुद्राच्या मार्गाने विलायतेशी दळणवळण ठेवता येते हे तिने सिद्ध करून दाखविले. त्या वेळी मुंबईस मोठा आनंद झाला, आणि तो रास्तच होता. पण या बोटीत एक गोष्ट अशी होती की, तिच्याकडे थोड्यांचेच लक्ष गेले असावे. बोटीचा सांगाडा आमचा, सागवान आमचे, सुतार आमचे. पण तिच्या पोटातील इंजिने विलायतेहून आलेली होती. शिडाच्या जहाजास वारा फुकट मिळतो व तो कोणा एकाच्या मालकीचा नसतो. आगबोटीचा वारा मात्र कारखान्यात तयार होतो, आणि ज्याचा कारखाना त्याची सत्ता. ज्या दिवशी इंजिन हे जहाजाचे हृदय झाले, त्या दिवशी मुंबईच्या सुतारांची शंभर वर्षांची विद्या निम्म्याने उतरली. पुढे लाकडाच्या जागी लोखंडी सांगाडे आले तेव्हा उरलेली निम्मीही गेली.

ज्या थोड्यांस हे वेळीच उमगले त्यांत अर्देशीरजी होते असे त्यांच्या पुढील कृतींवरून मानावे लागते. लाकडाच्या धंद्यात सुरक्षित बसलेला हा तरुण लोखंडाच्या मागे लागला. त्याच्यासाठी मुंबईत यंत्रविद्येची शाळा नव्हती. तेव्हा त्याने असल्या विद्येचा जो सर्वांत जुना मार्ग आहे तो धरला, आणि स्वतःच एक इंजिन करावयास घेतले.

हे काम कसे असते हे थोडे विस्ताराने सांगितल्यावाचून त्याचे मोल ध्यानात येणार नाही. जे कागदावर चार रेषांत दिसते ते धातूत उतरविताना माणसाची पुरी कसोटी लागते. प्रथम सिलिंडर. लाकडाचा नमुना करून, वाळूचा साचा घेऊन, त्यात धातू ओतावयाचा. ओतकामात एखादा बुडबुडा राहिला की तो तुकडा पुन्हा भट्टीत. ओतीव नळा आतून वेडावाकडा असतो. तो चरकावर धरून असा कातावा लागतो की, वरपासून खालपर्यंत व्यास केसभरही कमीजास्त होता कामा नये. त्यात दट्ट्या बसवावयाचा. सैल झाला तर वाफ बगलेने निघून जाते, घट्ट झाला तर जागचा हालत नाही. त्या काळी दट्ट्याभोवती तागाचे चऱ्हाट चरबीत भिजवून गुंडाळीत, आणि ते किती आवळावे हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसे. ते बोटांनीच शिकावयाचे. मग झडप. दट्ट्या एका टोकास पोहोचला की वाफेने दुसऱ्या बाजूने शिरावे आणि काम झालेल्या वाफेने बाहेर पडावे, हे सर्व फिरत्या आसावर मध्यापासून बाजूस सरकवून बसविलेल्या एका चकतीने ऐन वेळी घडवून आणावयाचे. ती चकती आसावर थोडी पुढेमागे बसली की यंत्र धापा टाकते किंवा मुळीच चालत नाही. दट्ट्याची सरळ चाल भुजेच्या योगाने गोल फेऱ्यात बदलावयाची, आणि त्या फेऱ्यास मध्येच अडखळ येऊ नये म्हणून आसावर एक जड चाक चढवावयाचे. सर्वांत शेवटी बाष्पपात्र. येथे चूक केवळ नुकसानीची नव्हे, जिवाची असते. रिव्हेटांचे सांधे, पाण्याची पातळी, दाब वाढताच आपोआप उघडणारी झडप, यांतील एकीने दगा दिला तर कर्त्यास दुसरा प्रयत्न करावयास मिळेलच असे नाही.

कोणी म्हणेल, मोठी इंजिने तर विलायतेत शेकड्यांनी होत होती. त्यांचेच माप लहान करून घेतले की झाले, यात विशेष ते काय? हा समज अगदी चुकीचा आहे, आणि यंत्रविद्येचा इतिहासच त्यास साक्षी आहे. ग्लासगोच्या विद्यापीठात न्यूकोमेनच्या इंजिनाची एक लहान प्रतिकृती होती. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ती दुरुस्तीसाठी जेम्स वॉट नावाच्या उपकरणे करणाऱ्या तरुणाकडे आली. वॉटने ती नीट बसविली, तरी थोडे हेलकावे घेऊन ती बंद पडे. मोठे इंजिन खाणीत दिवसरात्र चालते आणि त्याचीच हुबेहूब प्रतिकृती चालू नये, हे कोडे होते. उत्तर भूमितीत सापडते. सिलिंडरची सर्व मापे निम्मी केली म्हणजे त्याच्या आत मावणारी वाफ आठव्या हिश्श्यावर येते, पण त्याच्या भिंतीचा पृष्ठभाग चौथ्या हिश्श्यावरच राहतो. म्हणजे तेवढ्याच वाफेच्या मानाने थंड भिंत दुप्पट झाली! न्यूकोमेनच्या रीतीत प्रत्येक फेरीस सिलिंडर गार करावा लागे. मोठ्या यंत्रात ही वाफेची नासाडी खपून जाई, लहानात ती उघडी पडली. त्या उघड्या पडलेल्या दोषातून १७६५ साली वॉटला युक्ती सुचली की, वाफ थंड करण्याचे पात्र निराळे ठेवावे आणि सिलिंडर सदैव तापलेलाच राहू द्यावा. १७६९ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. पुढे पार्लमेंटने त्या पेटंटची मुदत १८०० सालापर्यंत वाढवून दिली. कायद्याच्या आधाराने शोधकाचे पोट कसे भरते व इतरांचे हात कसे बांधले जातात, या दोन्ही गोष्टी त्या एका प्रकरणात पाहावयास मिळतात. पण तो विषय स्वतंत्र अग्रलेखाचा आहे. सांगावयाचे ते इतकेच की, ज्या शोधाने इंग्लंडचे कारखाने उभे राहिले तो एका खेळण्याच्या दुरुस्तीतून निघाला.

तेव्हा लहान यंत्र हे मोठ्या यंत्राचे सोपे रूप नव्हे. ते अधिक चिकित्सक परीक्षक असते. १८३३ साली, वयाच्या पंचविशीत, अर्देशीरजी या परीक्षेस उतरले. त्यांचे एका अश्वशक्तीचे इंजिन चालले, आणि नुसते शोभेसाठी चालले नाही. विहिरीचे पाणी ओढून बागेतील लहानशा कारंज्यास ते पुरवू लागले. एक अश्वशक्ती म्हणजे किती? वॉटने घालून दिलेल्या मापाप्रमाणे ३३,००० पौंड ओझे एका मिनिटात एक फूट उचलण्याइतकी. विहीर ३० फूट खोल धरली तर हिशेबाप्रमाणे मिनिटास ११०० पौंड, म्हणजे ११० गॅलन पाणी. घर्षणात व पंपाच्या गळतीत यांतील बराच भाग जातो हे वजा करूनही, ज्या देशात विहिरीचे पाणी बैलांच्या मानेवर व माणसांच्या खांद्यांवर वर येत होते त्या देशात हा आकडा विचार करावयास लावणारा होता. कारंजे ही श्रीमंताची हौस खरी. पण त्या हौसेच्या तळाशी जो पंप होता तो शेतकऱ्याच्या मळ्यातही चालला असता. हा विचार कोणी त्या वेळी पुढे नेला नाही, याचा दोष आम्ही कारंज्यास देत नाही.

त्याच वर्षी अर्देशीरजींनी इंडस नावाची ६० टनांची लहान बोट तयार केली व तीत इंजिन बसवून स्वतःच ती चालविली. घरच्या यंत्रावर जे बोटांनी शिकले ते येथे कामास आले. दुसऱ्या वर्षी, १८३४ साली, माझगावचा आपला बंगला व बाग त्यांनी गॅसच्या दिव्यांनी उजळून टाकली. त्या काळची मुंबई तेलाच्या समया व मेणबत्त्या यांवर रात्र काढीत होती. शहराच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागावयास त्यानंतर सुमारे तीस वर्षे जावी लागली. हा चमत्कार पाहण्यास खुद्द गव्हर्नर लॉर्ड क्लेअर आले, आणि त्यांनी अर्देशीरजींस मानाचा पोशाख दिला. गॅसचा दिवा पाहावयास सरकार आले. कारंज्याचे इंजिन पाहावयास मात्र, आमच्या समजुतीप्रमाणे, फारसे कोणी आले नसावे. प्रकाश सर्वांस दिसतो. दट्ट्याभोवती ताग कसा आवळला आहे हे पाहणारा विरळा.

१८३८ साली त्यांचे भाऊबंद जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे नौकाबांधणी शिकण्यास इंग्लंडास गेले होते. १३ सप्टेंबर १८३९ रोजी अर्देशीरजीही बेरेनिस या आगबोटीने तिकडे निघाले, ते यंत्रविद्या समक्ष पाहण्यास. त्या प्रवासाची व तेथील वर्षाच्या वास्तव्याची त्यांची रोजनिशी १८४० साली लंडनला छापून निघाली. समुद्रपर्यटनाने जात जाते की राहते याचा खल आमच्यातील पंडित त्यानंतर दोन पिढ्या करीत बसले होते हे ध्यानात घेतले, म्हणजे या तीन पारशी तरुणांनी काय केले ते नीट समजते. ज्यास घरी स्वतः सिलिंडर कातावा लागला आहे तो जेव्हा मोठ्या कारखान्यात पाऊल टाकतो, तेव्हा त्याचे डोळे निराळे असतात. इतरांस जेथे धूर व गोंगाट दिसतो तेथे त्यास आपल्या अडचणींची उत्तरे दिसतात. नुसती सफर करून येणारे आमचे कित्येक श्रीमंत व अर्देशीरजी यांतील भेद तो हाच.

इंग्लंडात असतानाच त्यांची मुंबईच्या सरकारी आगबोटींच्या कारखान्यावर मुख्य इंजिनियर व यंत्रांचे निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. १ एप्रिल १८४१ रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली, आणि पुढील महिन्यात, ते मुंबईस असतानाच, रॉयल सोसायटीने त्यांस सभासद निवडले. निवडीच्या कागदांत त्यांच्या ज्या कामगिऱ्या नमूद झाल्या त्यांत मुंबईतील गॅसचा दिवा आणि ती ६० टनांची बोट ह्या प्रमुख होत्या. सात-आठ वर्षांपूर्वी घरच्या हौसेखाली मोडणाऱ्या गोष्टी जगातील पहिल्या प्रतीच्या विद्वत्सभेने शास्त्रसेवा म्हणून मान्य केल्या.

मुंबईतील गोऱ्या मंडळींस मात्र ही नेमणूक रुचली नाही. कारखान्यात युरोपियन मुकादम व कारागीर होते. त्यांच्यावर एक हिंदी मनुष्य हुकूम चालविणार! आजच्या टाइम्स ऑफ इंडियाचे पूर्वरूप जे बॉम्बे टाइम्स पत्र, त्याने असा आक्षेप घेतला की, कितीही हुशार व सुशिक्षित असला तरी इंग्रज कामगारांवर देखरेख करण्यास एतद्देशीय मनुष्य लायक ठरेल याची शंका वाटते. आम्ही या आक्षेपाकडे वकिलाच्या नजरेने पाहतो तेव्हा एक गोष्ट प्रथम डोळ्यांत भरते. आक्षेप अर्देशीरजींच्या कोणत्याही चुकीवर नव्हता, कारण चूक करण्यास त्यांस अजून अवसरच मिळाला नव्हता; तो त्यांच्या जन्मावर होता. पुरावा दाखल होण्यापूर्वीच निकाल लिहून ठेवला गेला. या निकालावरील अपील त्यांनी लेखणीने चालविले नाही. १८५७ च्या ऑगस्टात निवृत्त होईपर्यंत सुमारे सोळा वर्षे ते त्या कारखान्यावर होते, आणि आमच्या मते हेच उत्तर पुरे आहे. ज्या मनुष्यास स्वतःच्या हाताने सांधा बसविता येतो त्यास कामगार फसवू शकत नाहीत, मग ते कोणत्याही वर्णाचे असोत. केवळ कागदपत्रांच्या बळावर साहेब झालेल्याची गोष्ट वेगळी.

नोकरी लागली म्हणून घरचा कारखाना त्यांनी मोडला नाही, ही गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. सरकारी जागा मिळाली की आमच्याकडे विद्या ताकावर ठेवण्याची चाल आहे. अर्देशीरजींनी आपल्या राहत्या जागी ओतशाळा चालविली, आणि १८५१ साली लवजी फॅमिली नावाची आगबोट पाण्यात सोडली. मूळपुरुषाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बोटीचे भाग त्याच घरच्या ओतशाळेत तयार झालेले होते. ह्यू लिंडसेची इंजिने विलायतेहून आली त्यास तेव्हा बावीस वर्षे होत होती. मधल्या काळात ते अमेरिकेसही जाऊन आले व लाकूड कापण्याची यंत्रे घेऊन आले. शिवणाचे यंत्र, छायाचित्रण व विजेने धातूवर मुलामा चढविण्याची कृती या गोष्टी मुंबईस प्रथम आणल्याचे श्रेयही त्यांसच देतात.

आता वाचक विचारतील की, इतके सर्व १८५१ पर्यंत झाले असता मुंबई इंजिनांची माहेरघर का झाली नाही? याचे एक उत्तर राज्यकर्त्यांकडे बोट दाखवून देता येते, आणि ते खोटे नाही. कंपनीस आपल्या आगबोटी चालू ठेवण्यासाठी दुरुस्तीचा कारखाना हवा होता. इंग्लंडच्या कारखानदारांस प्रतिस्पर्धी हवा नव्हता. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली तेव्हा तिची इंजिनेही समुद्रापलीकडूनच आली. १८६३ साली हिंदी आरमार मोडण्यात आले, आणि मुंबईच्या गोदीचे वैभवही त्याबरोबर ओसरले. परंतु सर्व दोष परक्यांच्या पदरी बांधून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. १८५७ नंतर विद्यापीठे निघाली आणि आमच्या उत्तमोत्तम बुद्धीचा ओघ कचेऱ्यांकडे, शाळांकडे व, कबूल करावयास हरकत नाही, आमच्याच वकिलीच्या धंद्याकडे वळला. कायद्याच्या पदवीस जो मान तो कानशीस नाही. त्यात आमचा जातिभेद पाठीराखा. लोहार, सुतार, तांबट, ओतारी यांची विद्या हीन मानावयाची. ती ज्यांच्या हातांत होती त्यांस अक्षरओळख होऊ द्यावयाची नाही, आणि ज्यांस अक्षरे येत होती त्यांनी हात मळवावयाचे नाहीत. असा हा दुहेरी बांध होता. अर्देशीरजींस दोन्ही एका देहात मिळाले, म्हणून ते होऊन गेले.

त्यांस पैसा होता, सवड होती, गोदीचे दार उघडे होते, हा आक्षेपही आम्ही ऐकून आहो. तो खरा आहे. पण त्या काळी मुंबईत त्यांच्याहून धनाढ्य शेटजी शेकड्यांनी होते. माझगावात बागा पुष्कळ होत्या, कारंजीही असतील. शिवाय नुसत्या गरिबीने हे अडत नाही, हे पुढे बेळगावास दिसून आले. तेथे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला, लोखंडी नांगर घडविले, आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. इंग्लंडात तर ही आवड सर्वसाधारण माणसाची झालेली आहे. १८९८ साली लंडनात मॉडेल इंजिनियर नावाचे नियतकालिक केवळ या छंदासाठी सुरू झाले. दुकानदार, कारकून, शिक्षक अशी मंडळी घरामागील खोपटात पायाने फिरणारा चरक मांडून, वर्षानुवर्षे खपून, बोटभर उंचीच्या दट्ट्याची, पण खऱ्या कोळशावर खरी वाफ करणारी इंजिने तयार करू लागली. त्यांतील बहुतेकांनी कोणताही शोध लावला नाही. परंतु ज्या राष्ट्रात हजारो घरांतून सिलिंडर कातता येणारे हात आहेत, त्या राष्ट्राच्या कारखान्यास मुकादम कोठून आणावा हा प्रश्न पडत नाही.

म्हणून आमच्या पेठांतील वडील मंडळींस आम्ही व्यवहाराची गोष्ट सांगतो. मुलाच्या लग्नात वाजंत्रीवर व दारूकामावर जो खर्च होतो त्याच्या काही अंशात एक बरासा लहान चरक, एक पकड, कानशींचा संच व एक हातभाता येऊ शकतो. बाष्पपात्र त्यास एकट्यास पेटवू देऊ नये. कोणा जाणत्या तांबटास किंवा फिटरास गुरू करावे, त्यास मानाने बसवावे व त्याच्या सांगण्याप्रमाणे दाबाची झडप आधी तपासावी. अशा वेळी ब्राह्मणाचा मुलगा तांबटाच्या हाताखाली शिकतो व व्यापाऱ्याचा मुलगा लोहाराचा भाता ओढतो, यात जो सामाजिक लाभ आहे तो आमच्या दहा सभांच्या ठरावांनी साधत नाही. पहिले यंत्र बिघडेल, दुसरेही बिघडेल. तिसरे चालले की मुलगा आपोआप गणिताचे पुस्तक उघडील, कारण पृष्ठभाग व घनफळ यांतील भेद त्यास तेव्हा कळावयास हवा असेल.

निवृत्तीनंतर अर्देशीरजी स्वस्थ बसले नाहीत. १८६१ साली सिंध प्रांतात सिंधु नदीवर चालणाऱ्या आगबोटींच्या कंपनीचे इंजिनियर म्हणून ते गेले. ज्या नदीचे इंग्रजी नाव त्यांनी आपल्या पहिल्या बोटीस दिले होते तिच्याच काठी त्यांची शेवटची नोकरी झाली. १८६८ साली ते इंग्लंडात रिचमंड येथे कायमचे राहावयास गेले, आणि १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तेथेच वारले. मुंबईस त्यांची आठवण पुष्कळ दिवस पडली नाही. रामानुजन यांची निवड झाली तेव्हा हा मान प्रथमच एका हिंदी मनुष्यास मिळाला असे पुष्कळांनी मानले. स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याने २७ मे १९६९ रोजी, म्हणजे रॉयल सोसायटीतील निवडीस १२८ वर्षे पुरी झाली त्या दिवशी, अर्देशीरजींचे चित्र असलेले तिकीट काढले.